बी कशी फिरते ते बघा, मग पेरा: कोकणातल्या परसासाठी

पहिल्या वर्षी मी रातांब्याच्या बिया खळ्यात पसरून आठ दिवस कडक उन्हात वाळवल्या. आमसुलं करताना निघालेल्या त्या बिया भाताच्या बियाण्यासारख्या खडखडीत वाजेपर्यंत ठेवल्या, मग डब्यात भरल्या. मृगात दोनशे पिशव्यांत पेरल्या आणि एकही उगवली नाही. शेजारच्या काकी बांधावरून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सुकयलंस, मगे रुजतला काय?"

वाळलेली बी मुठेल (बियांचं घट्ट तेल) काढायला चांगली, रोप करायला ओलीच लागते, हे त्यांना शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. रातांब्याचं फळ माकड खातं, पाखरं खातात, बी गरासकट कुठेतरी सावलीत ओल्या पाचोळ्यावर पडते आणि पाऊस तोंडावर असतो. त्या बीला वाळायची वेळच येत नाही, म्हणून वाळणं तिला सोसतही नाही. तिचा प्रवास मी पाहिला असता तर दोनशे पिशव्या वाया गेल्या नसत्या.

त्यानंतर मी कुठल्याही झाडाचं बी हातात आलं की आधी विचारतो, ही झाडापासून लांब कशी जाते? झाडाला पाय नाहीत. आईच्या सावलीतच सगळी पिल्लं उगवली तर ऊन, पाणी, माती यांसाठी एकमेकांचा गळा धरतील, शिवाय तिथली कीड आणि बुरशी त्यांना आयतीच सापडेल. म्हणून झाडं वारा, पाणी, पाखरं, जनावरं यांच्याकडून काम करून घेतात, आणि ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्यासाठी बी तशी घडवतात. पेरायची कशी याचं उत्तर त्या घडणीतच असतं.

पहिली पायरी: बी उचलण्याआधी फूल आठवा

बीला आई असते तसा बापही असतो आणि तो बहुतेक वेळा आपल्याला माहीत नसतो. बाणवली जातीच्या उंच माडाच्या पोयीत (फुलोऱ्यात) नर फुलं आधी उमलून झडतात, मादी फुलं मागाहून तयार होतात, त्यामुळे पराग सहसा दुसऱ्या माडाचा येतो. चांगल्या माडाचा नारळ रुजवला म्हणजे तस्सा माड मिळेलच असं नाही. तरी निदान आई तरी निवडून घ्यावी: पंचवीस-तीस वर्षांचा, दरवर्षी सारखा धरणारा, गर्दीपासून थोडा सुटा माड.

हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो संकरातून आलेला असतो. म्हणून हापूसची कोय लावून उगवतं ते हापूस नसतं. आपल्याकडे रायवळच्या कोयी रुजवून, रोप दोन आठवड्यांचं कोवळं तांबूस असतानाच त्यावर हापूसची काडी बांधतात, ते कोय कलम. जून ते ऑगस्टच्या दमट हवेत ते सर्वांत चांगलं जुळतं.

रातांब्यात आणि जायफळात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बियांपासून केलेल्या रातांब्याच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. फळासाठीच लावायचं असेल तर मादी झाडाचं मृदुकाष्ठ कलम घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात त्यासाठीच आहे. पण आसपास एखादा नर राहू द्या. जंगलात, देवराईच्या कडेला लावायचं असेल तर मात्र बियांचीच रोपं बरी. तिथे नर-मादी दोन्ही हवेत, आणि सगळी झाडं एकाच आईची नकोत.

उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात. ते दिसत नाही, कारण सगळी फुलं त्या फळाच्या आतच असतात. एक चिमुकली गांधीलमाशी बारीक भोकातून आत शिरते, पराग पोचवते, तिथेच अंडी घालते. तिची पिल्लं आतच वाढतात, आणि नव्या माद्या पराग घेऊन बाहेर पडून दुसरं उंबर शोधतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. म्हणून किडा दिसला की उंबर नासलं असं समजू नका. त्या किड्यावाचून आतल्या बिया पोकळ राहतात.

दुसरी पायरी: तीन साध्या परीक्षा

बी हातात घेऊन फुंकर मारा. उडाली किंवा गरगरली तर ती वाऱ्याची. बादलीत टाका. महिनाभर तरंगली तरी कुजली नाही तर पाण्याची. तिच्याभोवती गर असेल, रंग भडक असेल, वास सुटला असेल तर ती कोणाच्या तरी पोटातून जाणारी. काटे, आकडे किंवा चिकट केस असतील तर अंगाला लागून जाणारी.

एक खूण सांगतो ती सहसा कोणी सांगत नाही. चार-पाच बिया सुरीने मधोमध कापून बघाच. आत पांढरा, भरलेला, ओलसर गर हवा. किंजळीच्या (काही ठिकाणी किंदळ म्हणतात) पंखवाल्या फळांत बरीच आतून रिकामी निघतात. दिवाळीनंतर सगळा डोंगर तिच्या फळांनी तांबूस दिसतो आणि त्यातली थोडीच रुजतात. दहापैकी दोनच भरलेल्या निघाल्या तर पाचपट पेरा, एवढंच.

वाऱ्याच्या बिया: वेळ चुकवू नका

काटेसावर, कुडा, सातवीण, रुई, ऐन, किंजळ. यांतल्या काहींना लहानपणी आपण 'म्हातारी' म्हणून पकडत पळायचो. हवेत तरंगायचं तर वजन कमी हवं, म्हणून या बियांत शिदोरी फार थोडी असते आणि साल पातळ. उगवल्या उगवल्या ऊन मिळालं नाही तर रोप मरतं. यावरून पेरायचं कसं ते आपोआप कळतं: उघड्यावर, वरवर, अर्ध्या सेंटिमीटरहून खोल नको, आणि फार दिवस साठवायच्या नाहीत.

काटेसावरीची बोंडं चैत्राच्या सुमाराला तपकिरी होतात. फुटायच्या आधी, देठाजवळ चीर दिसू लागली की काठीने पाडा आणि सुती पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवा. पिशवीतच फुटतात. उघड्या टोपलीत ठेवलीत तर कापूस अख्ख्या ओसरीभर होतो. कुड्याच्या जोडशेंगा आणि सातविणीच्या लोंबत्या शेंगा अशाच, पिवळट-तपकिरी झाल्यावर. बी काढल्यावर केस झाडून टाका, नाहीतर पेरलेल्या वाफ्यातूनही वाऱ्यावर निघून जाते.

पाऊस पडायच्या तीन-चार आठवडे आधी वाफ्यात पेरून झारीने बारीक पाणी द्या. धारेचं पाणी नको, बी वाहून कोपऱ्यात गोळा होते.

सीतेची वेणी, म्हणजे झाडावर वाढणारं ते ऑर्किड, फुललेली दिसली की लोक विचारतात, हिचं बी कसं लावायचं? ऑर्किडचं बी धुळीएवढं असतं, त्यात शिदोरी नसतेच. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते उगवतं. घरी करण्यासारखं ते काम नाही. फांदी मोडून पडली असेल तर ती वेणीसकट दुसऱ्या झाडाच्या सालीला सुंभाने बांधा, इतकं पुरे.

समुद्राच्या आणि खाडीच्या बिया

कोकणात राहून हे शिकलं नाही तर काय शिकलं! उधाणाची भरती ओसरल्यावर पुळणीवर जी काडीकचऱ्याची रेघ उरते ती हाताने उसकटून बघा. सुकट गवत, शिंपले, जाळ्यांचे तुकडे आणि त्यात राखाडी गुळगुळीत सागरगोटा, उंडीचे गोल गोटे, क्वचित हातभर लांब शेंगेतून सुटलेली गारंबीची तपकिरी चपटी बी. सागरगोट्याच्या आत पोकळी असते म्हणून तो तरंगतो, आणि कवच असं की पाणी आत जात नाही. म्हणूनच मुली तो वर्षानुवर्षं खेळू शकतात, आणि म्हणूनच नुसता मातीत पुरला तर तो महिनोन्महिने तसाच पडून राहतो.

समुद्राने जे काम केलं असतं ते आपण करायचं. सागरगोटा आणि गारंबी दोन्हीसाठी एकच रीत. जिथे बी शेंगेला चिकटली होती ती खूण शोधा आणि तिच्या उलट बाजूला कानस किंवा खरखरीत जांभ्यावर घासा. कवच घासून आतला फिका भाग जेमतेम दिसू लागला की थांबा, गराला इजा करू नका. मग २४ तास पाण्यात ठेवा. फुगून टम्म झाली तर पेरायला तयार, फुगली नाही तर आणखी थोडं घासा. मर्यादवेलीच्या छोट्या बियांनाही असंच, पण घासकागदावर हलकेच. सागरगोट्याचं झुडूप काटेरी आहे, कुंपणाला लावा, वाटेवर नको. गारंबी मोठा वेल आहे, परसात लावण्याचा नाद करू नका. तिला वहाळाकाठचं मोठं झाड लागतं.

उंडी मला सगळ्यांत प्रिय. पूर्वी तिच्या तेलावर दिवे जळत, होड्यांनाही ते लावत. फळ तरंगतं तेही आणि वटवाघळं नेतात तेही, त्यामुळे समुद्राकाठीही उगवते आणि आत गावातही. तिचं कवच न फोडता पेरलं तर कोंब यायला दीड-दोन महिने लागतात. हातोडीने हलकेच ठोकून कवच काढलं, आतला गर शाबूत ठेवला, तर तीन-चार आठवड्यांत येतो. गर कापला गेला तर बुरशी धरते, म्हणून दहा बिया फोडताना दोन-तीन वाया जातील असं धरूनच चाला. उंडीचं सोटमूळ लवकर खाली जातं. उंच पिशवी घ्या आणि पहिल्याच पावसाळ्यात जागेवर लावा.

नारळाच्या सोडणाला लोक कचरा समजतात. तेच त्याचं तारू आहे, त्यावर तो समुद्रात महिनोन्महिने तग धरतो, आणि आतलं पाणी-खोबरं रोपाची शिदोरी. म्हणून रुजवण्यासाठी नारळ सोलायचा नाही. अकरा-बारा महिन्यांचा, झाडावरच पिकलेला, हलवल्यावर पाणी वाजणारा नारळ घ्या. पावसाच्या तोंडाला वाळूमिश्रित वाफ्यात आडवा किंवा उभा ठेवा, वरचा भाग थोडा उघडा. तीन-चार महिन्यांत कोंब येऊ लागतात. सहा महिने झाले तरी न आलेले काढून टाका, उशिरा रुजणारं रोप मागेच पडतं. बागायतीसाठी रोपं लागत असतील तर रत्नागिरीजवळ भाट्याच्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात चौकशी करा.

कांदळाची गोष्ट तर निराळीच. त्याची बी झाडावर असतानाच रुजते. आईला लोंबकळत हिरवी लांब शेंग वाढते असं दिसतं, पण ती शेंग नव्हे, ते मूल आहे. खारट, श्वास कोंडणाऱ्या चिखलात बीला उगवायला वेळ मिळत नाही, भरती तिला उचलून नेते. म्हणून झाड तिला वाढवूनच सोडतं. फळ आणि दांडा यांच्यामध्ये फिकट पिवळी कडी दिसली, आणि नुसतं हात लावून दांडा सुटला, की तो पिकला. ओढून काढू नका. सावलीत, ओल्या गोणत्याखाली ठेवा आणि चार-पाच दिवसांत लावा, टोकदार बाजू खाली, एक तृतीयांश चिखलात.

तिवराचं तसं नाही. त्याची चपटी बी आतून रुजलेली असते, पण साल फाडून बाहेर येत नाही. दिवसभर पाण्यात ठेवली की साल गळते, मग चिखलावर नुसती ठेवायची.

खाडीत लागवड करताना परवानगी विचारूनच करा. बरंचसं कांदळवन वनखात्याच्या ताब्यात आहे आणि २०१२ पासून राज्याचा वेगळा कांदळवन कक्ष आहे. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष जाहीर केलं. हौशी लागवडही होते. चांगलंच आहे. पण जिथे आधी कधी कांदळवन नव्हतं, म्हणजे पाखरं टिपत असतात तो उघडा चिखल किंवा कासवं अंडी घालतात ती पुळण, तिथे काहीही लावू नका. आणि जिथे पूर्वी कांदळवन होतं आणि भरतीचं पाणी मोकळं येतं-जातं, तिथे बहुतेक वेळा लावायची गरजच नसते. पाण्याची वाट मोकळी करा, बिया स्वतः येतात.

पोटातून जाणाऱ्या बिया

फणस, जांभूळ, रातांबा, करवंद, ओवळ (बकुळ), भेरली माड, वड, उंबर. आपल्या गावातली निम्मीअधिक झाडं कोणाच्या ना कोणाच्या पोटाची देणगी आहेत. ककणेर (धनेश पक्षी) वडाची फळं खातो, उदमांजर भेरली माडाची. वटवाघळं ओवळ आणि बदामाची फळं रात्री दुसऱ्या झाडावर नेऊन खातात. सकाळी त्या झाडाखाली निवडलेल्या बियांचा सडा असतो.

या बियांचे दोन गट करा आणि ते कधीही मिसळू नका.

ओल्या बिया: फणस, रातांबा, जांभूळ, आंबा. वाळल्या की मेल्या. गर धुवा, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. राखेत घोळा, सावलीत एखाद दिवस निथळू द्या आणि लगेच पेरा. जांभळाच्या बिया दहा-पंधरा दिवसांत, आठळ्याही तेवढ्यातच. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन कोंब आले तर घाबरू नका. तिच्यात एकाहून अधिक गर्भ असतात. सशक्त एक ठेवा, बाकीचे हलकेच उपटून वेगळे लावा.

बारीक बिया: वड, पिंपळ, उंबर. पिकलेली फळं पाण्यात चुरा, तळाला बसतील त्या बिया घ्या, सावलीत सुकवा. विटेच्या चुऱ्यावर किंवा कोळशाच्या भुकटीवर नुसत्या भुरभुरा, माती टाकू नका, वरून पाणी फवारा. पाखरू भिंतीच्या फटीत सोडतं तशीच जागा तिला आवडते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे विहिरीच्या कठड्यात किंवा कौलांत उगवलेलं वडाचं पोर पावसात मुळासकट काढून आणायचं. घर वाचतं, झाडही वाचतं.

लवंगी मिरची परसात आपोआप का उगवते? पाखरांना तिखट जाणवत नाही. जनावरांना जाणवतं, आणि दाढांनी बिया भरडणारी जनावरंच असतात. झाडाने तिखटाने भरडणाऱ्याला दूर ठेवलं आणि पेरणाऱ्याला मोकळं सोडलं. मला ही गोष्ट सांगताना अजूनही थरारायला होतं.

वटवाघळाने कुरतडलेलं फळ खाऊ नका. त्याखालच्या बिया गोळा करताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.

बांडगूळ याच गटातलं, पण आंबेवाल्यांचं डोकं खाणारं. त्याची बी चिकट असते, फुलटोच्या पक्षी ती फांदीला पुसून जातो आणि ती तिथेच रुजून आंब्याच्या आत मूळ घालते. फळ धरायच्या आत, मूळ शिरलंय त्याच्या हातभर खालून फांदी कापा. नुसतं बांडगूळ ओरबाडलं तर पुन्हा फुटतं.

चिकटणाऱ्या, उडणाऱ्या

आघाडा, गोखरू, कुसळ, तेरडा यांना मुद्दाम पेरायची फारशी गरज नाही. पण मुलांना दाखवायला यांच्यासारखं काही नाही. वाळलेलं कुसळ ओल्या तळहातावर ठेवा. त्याचं शेपूट ओलं झालं की गरगर फिरतं, सुकलं की उलटं. रात्री दव, दिवसा ऊन, असं फिरत फिरत ते स्वतःला मातीत पेरून घेतं.

तेरड्याच्या टचटचीत शेंगेला बोट लावलं की ती पाकळ्या वळवून बिया फेकते. गौरीसाठी तेरडा आणतो तो फुलावरचा, म्हणून काही झाडं भाद्रपद संपेपर्यंत उभी राहू द्या. बी हवंच असेल तर पिवळसर शेंगांवर मलमलची पुरचुंडी बांधा.

बी न घेता

माणगा या बांबूला फुलं क्वचित येतात आणि बी जवळजवळ धरत नाही, तरी अख्ख्या सिंधुदुर्गात त्याची बेटं आहेत, ती माणसांनी कंद वाटल्यामुळे. पावसाच्या सुरुवातीला वर्षभराची काठी कंदासकट खणून हातभर उंचीवर कापून लावा. केळीचे मुनवे तलवारीसारख्या अरुंद पानांचे घ्या, रुंद पानांचे नको. कळकाचं बेट मात्र चार दशकांनी एकदम फुलतं, बी देतं आणि मरतं. ते बी मिळालं तर सोडू नका.

पेरणी आणि पुढचं

दोन भाग जांभी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग नदीची वाळू. समुद्राची वाळू नको, मीठ असतं. बीच्या जाडीच्या दीडपट खोल पेरा, वाऱ्याच्या आणि बारीक बिया सोडून. प्रत्येक पिशवीत झाड, जागा, तारीख लिहिलेली पट्टी खोचा. शाई पावसात जाते, पेन्सिल राहते.

आणि सीडबॉल. दर जून महिन्यात कातळावर फणसाचे, आंब्याचे गोळे फेकण्याची हौस चालते. फणसाची आठळी त्या गोळ्यात वाळूनच मेलेली असते. आणि सडा, म्हणजे हा कातळाचा माळ, ओसाड नाही. पावसात तिथे गवतं आणि बारीक फुलझाडं अशी उमलतात की पाय ठेवायला जागा राहत नाही, ती त्या पातळ मातीचीच लेकरं आहेत. सड्यावर झाडं लावू नका. त्यापेक्षा वहाळाच्या कडेला, देवराईच्या तुटक्या बाजूला, बांधावर लावा. आणि दिवाळीनंतर रानमोडी फुलायच्या आत उपटा. तिचं बी वाऱ्याचं आहे, एक झुडूप फुललं की पुढच्या वर्षी सगळा उतार तिचा.

रोप वीतभर झालं, दुसऱ्या पावसाने जमीन खोलवर भिजली, की लावा. पहिला पाऊस झाल्या झाल्या नको, मध्ये उघडीप पडते. खड्ड्याच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घाला, उतारावरून आलेलं पाणी मुळाशी थांबेल. पावसाळा संपल्यावर आळ्यात पेंढा पसरा. शिमग्यापासून मेच्या अखेरपर्यंत आठवड्याला एक कळशी पाणी. त्या पहिल्या उन्हाळ्यात पान गळालं तरी रोप उपटू नका. साल नखाने खरवडून बघा. आत हिरवं असेल तर रोहिणीत पालवी येते.